मोकळा गडी

गणपतीचे दिवस होते. संध्याकाळी माझा नातू मैदानावरून आला तो तोंड फुगवूनच. बूट दारात भिरकावले आणि पाणीसुद्धा न पिता झोपाळ्यावर जाऊन बसला. वय वर्षे तेरा, आणि डोक्यात फुटबॉलशिवाय दुसरे काही नाही. असा मुलगा खेळून आल्यावर गप्प बसला तर घरच्या म्हाताऱ्याने काय समजायचे? मी आपला हरल्याची चौकशी केली. तो म्हणाला, "हरलो नाही. पण सर मला एका जागी खेळवूनच नाही राहिले. परवा उजवीकडे, काल डावीकडे, आज मधे. जो पोरगा येत नाही त्याच्या जागेवर मी. मग माझी जागा कोणती, आजोबा?"

मी आजोबांच्या ठेवणीतले उत्तर दिले. म्हटले, "अरे, ज्याला सगळीकडे खेळता येते तोच खरा गुणी." पोराने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "म्हणजे येतं म्हणून शिक्षा?"

वाचकहो, मी चाळीसच्या वर वर्षे शाळेत शिकवले. मुलांच्या प्रश्नांना गप्प करण्याची कला मला चांगली अवगत आहे. पण या प्रश्नापुढे मला काही सुचेना. कारण हाच प्रश्न, निराळ्या शब्दांत, मी याच घरात पूर्वी एकदा ऐकला होता. तो माझ्या थोरल्या भावाने विचारला होता, आणि त्यालाही मी उत्तर दिलेले नव्हते.

पण आधी फुटबॉलचे थोडे सांगितले पाहिजे. कारण ज्यांचा या खेळाशी संबंध नाही अशा वाचकांना माझ्या नातवाचे दुःख नीट कळायचे नाही. या खेळात गोल करणाऱ्याचे नाव होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. मागे उभा राहणारा जो बचावपटू, ज्याला आमच्या लहानपणी 'बॅक' म्हणत, त्याचे काम म्हणजे काही घडू न देणे. समोरच्या संघाचा गडी चेंडू घेऊन आला की त्याला अडवायचे, चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाकडे द्यायचा. त्याने नव्वद मिनिटे उत्तम खेळ केला तर त्याचा पुरावा काय? न झालेले गोल. आणि न झालेल्या गोष्टींची नोंद कोणी ठेवत नाही. उलट एखादी चूक झाली, एक गोल झाला, की साऱ्या गावाला त्याचे नाव पाठ होते. त्यातही जो कायमचा एका जागेचा नाही, आज इथे तर उद्या तिथे, त्याची तर ओळखच पक्की होत नाही.

मोठ्या गमतीची गोष्ट अशी की, या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना अशाच न घडलेल्या गोष्टीचा होता. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरी, एका क्रिकेटच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड हे दोन संघ भेटले. इंग्लंडने आठ गडी पुढे ठेवले आणि मागे दोन. त्या काळची त्यांची रीत अशी की, चेंडू ज्याच्या पायाशी आला त्याने एकट्यानेच तो पुढे दामटावा. स्कॉटलंडने मागे चौघे ठेवले, आणि त्यांची माणसे चेंडू एकमेकांकडे देत खेळली. ती सारी एकाच क्लबातली, एकमेकांच्या सवयी ओळखणारी. निकाल लागला शून्याला शून्य. त्या शून्यातून मला वाटते जगाला एक धडा मिळाला. चेंडू आपल्याजवळ ठेवण्यात जे बळ आहे त्याहून मोठे बळ तो नेमक्या माणसाला देण्यात आहे. पुढे साऱ्या जगाने स्कॉटलंडच्या या देण्याघेण्याच्या खेळाचे अनुकरण केले.

आता प्रश्न असा की, ज्याला स्वतःची जागा नाही त्याला स्वत्व आहे का? आपल्याकडे स्वधर्माचा विचार फार जुना आहे. आपापले काम ओळखावे, ते उणे वाटले तरी सोडू नये, दुसऱ्याच्या कामात शिरू नये, ही शिकवण आपण कीर्तनातून ऐकत आलो. लोकव्यवहारही तेच सांगतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण काही उगीच पडली नाही. ज्याला थोडे थोडे सगळे येते त्याच्याकडे आपण कामापुरते पाहतो, आणि ज्याला एकच गोष्ट परिपूर्ण येते त्याला हार घालतो. या न्यायाने माझ्या नातवाची तक्रार रास्तच म्हटली पाहिजे.

पण या विचाराला एक जबरदस्त अपवाद मी लहानपणी ऐकला होता, आणि तो मला माझ्या दादानेच सांगितला होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळेच्या संघात तो बॅक होता. कस्तुरचंद पार्कवर खेळायचा, कामठीच्या मुलांशी सामने असले की सायकलने तिकडे जायचा. कामठीकरांचे फुटबॉलचे वेड आमच्या भागात प्रसिद्ध. त्यांच्याशी बरोबरी साधून आला की दादाची छाती दोन बोटे वर असे. १९६१ साली वडील गेले. दादा अठरा वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्याने पुस्तके माळ्यावर ठेवली आणि इतवारीतल्या आमच्या लहानशा दुकानात जाऊन बसला. बूट एका खिळ्याला टांगले ते टांगलेच राहिले.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला आणि सुवर्णपदक मिळविले. त्या संघात जर्नेल सिंग नावाचा बचावपटू होता. आधीच्या एका सामन्यात त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. अशा माणसाला मागे ठेवणे धोक्याचे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला विश्रांती दिली असती तर कोणी काही म्हटले नसते. पण त्यांनी उपांत्य सामन्यात त्याला सरळ आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. जन्मभर गोल अडविणाऱ्या माणसाने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. दादा दुकानात बसून ही बातमी मला पुनःपुन्हा वाचून दाखवी. म्हणे, "बघ, बॅकचा गडी! वेळ आली तर पुढेही जातो."

त्या वेळी मला त्यात केवळ पराक्रम दिसला. आज दुसरे काही दिसते. जर्नेल सिंग पुढे गेला म्हणून तो बचावपटू राहिला नाही असे झाले नाही. त्याची जागा बदलली. त्याची निष्ठा बदलली नाही. मागे असताना तो ज्या संघाला सांभाळत होता त्याच संघाला तो पुढे जाऊनही सांभाळतच होता. तेव्हा स्वधर्म म्हणजे मैदानावरची ठरावीक चार पावले जमीन नव्हे. कशासाठी उभे राहायचे हे ज्याचे पक्के आहे, त्याने कुठे उभे राहायचे हे बदलले तरी तो भ्रष्ट होत नाही. इथपर्यंत माझे उत्तर तयार झाले होते, आणि ते नातवाला सांगून मोकळे व्हावे असे मनात होते.

पण 'मोकळे' हा शब्द मनात आला आणि मी थबकलो.

काही वर्षांपूर्वी दादाची पंचाहत्तरी आम्ही थाटाने साजरी केली. मी भाषण केले. दादाने दुकान चालविले, आईचे आजारपण काढले, दोन बहिणींची लग्ने केली, माझी कॉलेजची फी भरली, घराचे छप्पर स्वतः चढून शाकारले, आणि वेळ पडली तेव्हा दिवाळीच्या चकल्यासुद्धा तळल्या; असा अष्टपैलू माणूस आमच्या घरी जन्मला हे आमचे भाग्य, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. रात्री सारे निजले तेव्हा दादा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "भाषण चांगलं झालं. पण एक सांगू का? मी अष्टपैलू वगैरे काही नव्हतो रे. घरात काहीही निघालं की तुम्ही सारे बघायचे, मोकळा कोण आहे? मीच दिसायचो. मी मोकळा नव्हतो बाप्पा. मी फक्त तुम्हांला तसा दिसायचो."

फुटबॉलमध्ये 'मोकळा गडी' म्हणजे ज्याच्यावर समोरच्या कोणाचे लक्ष नाही असा खेळाडू. चेंडू त्याच्याकडे द्यावा, असा नियमच आहे. घरातही आपण हेच करतो. फरक एवढाच की, मैदानावर मोकळ्या गड्याकडे चेंडू दिला तर तो गोल करण्यासाठी दिलेला असतो. घरात मोकळ्या गड्याकडे देतात ते ओझे. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. कुठे ती लग्न न झालेली आत्या असते, कुठे धाकटी जाऊ, कुठे दुकानात बसणारा थोरला भाऊ. त्याला सगळे येते, म्हणून त्याला सगळे सांगतात. आणि सगळे करतो म्हणून त्याचे असे एकही काम कोणाला आठवत नाही. तो गुणी असतो हे खरेच. पण त्याच्या गुणाचे आपण जे कौतुक करतो, त्यात आपली सोय किती आणि त्याचा सन्मान किती, हे कोणी तपासत नाही. नातवाचा प्रश्न हाच तर होता, 'येतं म्हणून शिक्षा?'

मग चांगला प्रशिक्षक आणि आमच्यासारखे घरचे लोक यांत भेद कोणता? दोघेही माणसाला जागेवरून हलवितातच. हा विचार करताना मला पुन्हा स्कॉटलंडकडे जावे लागले.

जॉक स्टीन हा स्कॉटलंडमधल्या कोळसाखाणीत राबलेला माणूस. जन्म १९२२ चा. खाणीत काम करीत करीत तो लहान क्लबांतून बचावफळीच्या मध्यभागी खेळला. १९५१ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला घेतले ते पहिल्या संघासाठी नव्हे. राखीव संघातल्या पोरांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून. म्हणजे हाही मोकळा गडीच! पण पहिल्या संघातले बचावपटू दुखापतीने आडवे झाले, रिकाम्या जागी स्टीन उभा राहिला, आणि थोड्याच काळात त्या संघाचा कर्णधार झाला. १९५४ साली त्याच्या हाताखाली सेल्टिकने स्कॉटलंडची लीग आणि चषक ही दोन्ही जिंकली. पुढे घोट्याच्या दुखापतीने खेळ सुटला, तेव्हा तो पुन्हा राखीव संघातल्या पोरांकडे गेला, या वेळी त्यांचा प्रशिक्षक म्हणून. १९६५ साली तो साऱ्या क्लबाचा व्यवस्थापक झाला आणि २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे सेल्टिकने इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपचा चषक जिंकला. ब्रिटनमधल्या कोणत्याही क्लबाला तोवर हे साधले नव्हते. त्या दिवशी खेळलेले अकराही जण ग्लासगोच्या आसपास, पन्नासएक किलोमीटरच्या आत जन्मलेले होते. आपल्या नागपुरापासून उमरेडपर्यंतच्या टापूतली अकरा पोरे घेऊन कोणी आशिया खंड जिंकावा, तसे हे झाले.

बचावपटूंमधून असे शिक्षक का निघतात? एक तर मागे उभ्या राहणाऱ्याला सारे मैदान समोर दिसते. पुढच्याला फक्त गोल दिसतो. दुसरे असे की, ज्याने निरनिराळ्या जागांवर घाम गाळला आहे त्याला कोणतीच जागा हलकी वाटत नाही. आणि तिसरे, जो दुसऱ्याची रिकामी जागा भरण्यात वाढला, त्याला रिकामी जागा दुरूनही ओळखू येते. आपल्या शेजारच्या गोव्याचा महेश गवळी हा भारताचा नामांकित बचावपटू. खेळ संपल्यावर तो राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. २०२३ साली बंगळुरूला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा चालू असताना मुख्य प्रशिक्षकांवर ऐन उपांत्य आणि अंतिम सामन्यासाठी बंदी आली. मैदानाच्या कडेला उभा राहिला गवळी. ४ जुलै रोजी कुवेतविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला आणि भारत जिंकला. मैदानात असो वा बाहेर, बचावपटूचे काम संपत नाही ते असे.

पण यांतले सर्वांत जवळचे उदाहरण आमच्या शहरातलेच आहे, आणि त्यातही एक स्कॉटलंडचा धागा आहे. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपूर भागात आला. त्याने शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ साली याच भागात तो बुडून मरण पावला. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून नागपुरात उभे आहे. त्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते विजय बारसे. वस्तीतली पोरे पावसात, चेंडू नाही म्हणून, एका फुटक्या बादलीलाच लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली. तेथून २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला आणि नावही तेच ठेवले, 'झोपडपट्टी फुटबॉल'. पुढे 'स्लम सॉकर' या नावाने ही संस्था देशभर पसरली. २०१६ साली फिफाने विविधतेचा पुरस्कार तिला दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावरूनच आला. बेघरांची विश्वचषक स्पर्धा म्हणून एक स्पर्धा २००३ पासून भरते. चार-चार गड्यांचे संघ, लहानसे मैदान. ती सुरू करणाऱ्या दोघांतला मेल यंग हा स्कॉटिश. २०१० साली रिओ येथे त्या स्पर्धेत भारताचा कर्णधार होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. आपण वाईट वाटेला लागलो होतो आणि फुटबॉलने आपल्याला परत आणले, हे त्याने २०१४ साली दूरदर्शन संचावर साऱ्या देशासमोर सांगितले. परत आलेला हा मुलगा पुढे दुसऱ्या मुलांना शिकविणारा प्रशिक्षक झाला.

मला यात जे महत्त्वाचे वाटते ते असे. वस्तीतली ती पोरे म्हणजे खऱ्या अर्थाने 'मोकळी' पोरे. ज्यांच्यावर कोणाचे लक्ष नाही अशी. त्यांच्याकडे चेंडू येत नव्हता. संकटे मात्र नेमकी त्यांनाच हुडकीत होती. बारसे यांनी त्यांच्याकडे चेंडू दिला. चेंडू देणे म्हणजे नुसते काम सोपविणे नव्हे. 'तू तिथे आहेस हे मला दिसते आहे' असे सांगणे होय. आणि मुलगा वाईट वाटेला न गेल्याची नोंद कोणत्या वहीत होत नाही. तोही एक न झालेला गोलच आहे.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. माणसाला जागेवरून हलविण्यात पाप नाही. जग तसेच चालते. कोणी आजारी पडतो, कोणी अकाली जातो, आणि रिकामी जागा कोणाला तरी भरावी लागते. पाप आहे ते त्याला न विचारता, न सांगता हलविण्यात, आणि वर तो मोकळाच होता असे समजण्यात. चांगला शिक्षक 'तिकडे जा' म्हणतो तेव्हा 'का' तेही सांगतो, आणि सामना संपल्यावर विचारतो, 'कसे वाटले?' घरचे लोक 'तू आहेसच ना' म्हणतात आणि निजायला जातात. अष्टपैलू हा शब्द तेव्हाच गौरवाचा होतो जेव्हा त्या माणसाच्या मनाजोगा एखादा पैलू त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो. एरवी ते आपल्या कृतघ्नतेवर चढविलेले मखर आहे.

मी नातवाला एवढेच सांगितले, "उद्या सरांना विचार, मला का हलवता? चिडून नको, सरळ विचार." त्याने विचारले. सर म्हणाले म्हणे, "बाकीचे चेंडू बघतात. तू शेजारचा कुठे उभा आहे ते बघतोस. म्हणून." पोरगा त्या दिवशी शीळ घालत घरी आला. पुढच्या सामन्याला डाव्या बाजूस खेळला. मी निकाल विचारला तर म्हणाला, "शून्याला शून्य, आजोबा! त्यांच्या एकालाही मोकळा नाही सोडला." मी त्याला दोन लाडू काढून दिले. त्याने आणखी एक मागून घेतला. संघात नवा आलेला एक लहान मुलगा आहे, त्याला कुठे उभे राहायचे ते हा शिकवीत होता, त्याच्यासाठी.

दसऱ्याला मी सोने द्यायला दादाकडे गेलो. आता तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. आपट्याची पाने त्याच्या हातावर ठेवली, पाया पडलो, आणि जे आयुष्यात कधी विचारले नव्हते ते विचारले, "दादा, खरं सांग. तुला काय व्हायचं होतं?"

मला वाटले, तो इंजिनिअर म्हणेल, प्रोफेसर म्हणेल, निदान माझ्यावर रागावेल तरी. तो बराच वेळ पानांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "काही मोठं नाही रे. आणखी दोन-चार वर्षं बॅकला उभं राहायचं होतं. तिथून सगळं मैदान दिसत होतं."

थोड्या वेळाने त्याने विचारले, "पोराचे सामने कुठे असतात?" मी सांगितले. रविवारी मी रिक्षा घेऊन त्याला न्यायला गेलो, तर तो कपडे घालून तासभर आधीच ओसरीवर येऊन बसला होता. वहिनी म्हणाल्या, "आज दळण आणायचं होतं, तर म्हणतात, आज मी मोकळा नाही."